सलाम कोणाला, सोटा कोणाला: एकोणिसाव्या शतकाअखेरच्या अमेरिकी व्यंगचित्रांतला पोलीस

न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाच्या १६ सप्टेंबर १८७१ च्या अंकात थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराचं एक चित्र आहे, वर-खाली दोन भागांत काढलेलं. वरच्या भागाचं नाव ‘घाऊक’, खालच्याचं ‘किरकोळ’. वर शहराच्या खजिन्याच्या दारातून चार बडे आसामी बाहेर पडताहेत आणि पोलीस त्यांना सलाम ठोकताहेत. खाली बेकरीसमोर पाव उचललेला एक फाटका माणूस आहे आणि पोलीस सोटे घेऊन त्याच्यावर तुटून पडलेत. वर्दी दोन्हीकडे तीच.

त्या काळची अमेरिकी राजकीय व्यंगचित्रं समजून घ्यायला सुरुवात करायची तर याच चित्रापासून करावी. पोलीस चित्रात कशासाठी येतो, हे इथे लख्ख दिसतं. कायदा कोणाला लागतो आणि कोणाला लागत नाही, हे दाखवण्यासाठी चित्रकार त्याला उभा करतो. त्यामुळे चेहऱ्याआधी त्याचा हात बघायचा. तो कपाळाशी आहे की सोट्यावर, आणि समोर कोण आहे? एवढ्यावरून चित्राचा अर्धा अर्थ हाती लागतो. उरलेला अर्धा चित्राबाहेर असतो, आणि तो कळायला त्या वर्षी त्या शहराचे पोलीस कोणाच्या ताब्यात होते हे माहीत असावं लागतं.

पोलीस कोणाचे?

वरच्या भागातले चौघे म्हणजे विल्यम ट्वीड, पीटर स्वीनी, शहराचा हिशोब सांभाळणारा रिचर्ड कॉनॉली आणि महापौर ओकी हॉल. ‘टॅमनी हॉल’ ही डेमोक्रॅटिक पक्षाची न्यूयॉर्कमधली संघटना, आणि ट्वीड तिचा सर्वेसर्वा. मतं गोळा करायची, त्या बदल्यात नोकऱ्या आणि कंत्राटं वाटायची, आणि प्रत्येक बिलात आपला वाटा काढायचा, असा तो कारभार. जुलै १८७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शहराच्या हिशोबवह्यांमधले आकडे छापायला सुरुवात केली. नव्या कोर्टाच्या इमारतीची बिलं किती फुगवली होती ते त्यातून बाहेर आलं. एकूण किती पैसा गेला याचे अंदाज अडीच कोटी डॉलरपासून वीस कोटी डॉलरपर्यंत जातात.

आता पोलिसांकडे वळू. न्यूयॉर्कला पगारी पोलीस दल मिळालं ते १८४५ मध्ये, आणि ते शहराच्या हाताखाली होतं. शहर डेमोक्रॅटिक, तर राज्याची राजधानी ऑल्बनी बऱ्याचदा रिपब्लिकनांच्या हाती. १८५७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने शहराचं दल बरखास्त करून ‘मेट्रोपॉलिटन पोलीस’ हे नवं दल राज्याच्या मंडळाखाली उभं केलं. महापौर फर्नांडो वुडने जुनं दल मोडायला नकार दिला. त्या उन्हाळ्यात शहरात दोन दोन पोलीस दलं होती, आणि १६ जून १८५७ ला महापालिकेच्या दारात ती एकमेकांवर सोटे घेऊन धावली. पलटण बोलवावी लागली. पुढे कोर्टाने राज्याच्या बाजूने निकाल दिला आणि जुनं दल मोडलं. त्यानंतर १८७० पर्यंत न्यूयॉर्कचे पोलीस राज्याच्या मंडळाखाली राहिले.

१८७० मध्ये ट्वीडने विधिमंडळातून शहरासाठी नवी सनद मंजूर करून घेतली. तिच्याने पोलीस पुन्हा शहराच्या ताब्यात आले आणि पोलीस आयुक्त नेमायचा अधिकार महापौराला मिळाला. महापौर होता ओकी हॉल, म्हणजे खजिन्यातून बाहेर पडणाऱ्या चौघांतलाच एक. नास्टच्या चित्रातला सलाम ही नुसती टवाळी नाही. त्या पोलिसांची नेमणूक-बढती ज्या आयुक्तांच्या हाती होती, ते त्याच चौकडीच्या मर्जीतून येत होते.

आता त्याच नास्टचं, त्याच साप्ताहिकातलं, ६ एप्रिल १८६७ चं चित्र बघू. आधीच्या महिन्यात सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीत आयरिश लोक आणि पोलीस यांच्यात मारामारी झाली होती. नास्टने रंगवलेले आयरिश दंगेखोर माकडतोंडे आहेत: पुढे आलेले जबडे, बसकं कपाळ, हातात दंडुके. त्यांच्या तडाख्यात सापडलेले पोलीस मात्र नीटस चेहऱ्याचे, अंगाने भरलेले, कर्तव्यावर जखमी होणारे वीर आहेत. चारच वर्षांत तेच पोलीस सलाम ठोकणारे गडी कसे झाले? दल रातोरात बदललं नव्हतं. ‘हार्पर्स वीकली’ रिपब्लिकन बाण्याचं साप्ताहिक होतं. १८६७ मध्ये पोलिसांवर राज्याचं नियंत्रण होतं आणि साप्ताहिकाला धास्ती होती ती आयरिश जमावाची. १८७१ मध्ये पोलीस टॅमनीच्या हाती गेले होते आणि धास्ती ट्वीडची होती. पोलिसाचं चित्र बघून त्या आठवड्यात छापणाऱ्याला कोणाची भीती वाटत होती, ते जवळजवळ अचूक सांगता येतं.

१८६७ च्या त्या चित्राबद्दल आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. न्यूयॉर्कच्या दलात आयरिश लोकांचा भरणा मोठा होता. मार देणारे आणि खाणारे अनेकदा एकाच गल्लीतले असत. नास्टने एकाला माणसाचं तोंड दिलं आणि दुसऱ्याला माकडाचं. ही वंशद्वेषाची भाषा होती आणि ती बेधडक वापरली जात होती. नास्टने गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या बाजूने आणि चिनी मजुरांवरच्या अन्यायाविरुद्ध ताकदीची चित्रं काढली, हे खरं. आयरिश कॅथलिकांच्या बाबतीत मात्र त्याचा हात कायम असाच चालला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

चित्रात काय काय बघायचं

आधी आकार. ६ जानेवारी १८७२ च्या अंकात नास्टने एक बुटका पोलीस काढला आणि त्याच्यासमोर राक्षसाएवढा ट्वीड. चित्राच्या नावातच प्रश्न आहे: कायद्याचा हात याच्यापर्यंत पोचेल का? ट्वीडवर तोवर खटला भरला गेला होता आणि तो जामिनावर मोकळा होता. असं चित्र दिसलं की मोजायचं: पोलीस समोरच्यापेक्षा लहान असेल तर चित्रकाराची तक्रार कायद्याच्या दुबळेपणाबद्दल आहे. तो फार मोठा असेल, पोट सुटलेला असेल, तर तक्रार त्याच्या माजाबद्दल किंवा हप्त्यांबद्दल. सुटलेलं पोट आणि त्यावर ताणलेली पितळी बटणं म्हणजे खाल्लेल्या पैशाची खूण, हे त्या काळच्या वाचकाला सांगावं लागत नसे.

मग सोटा. रात्रीच्या गस्तीचा सोटा साधारण दोन फुटांचा असे, आणि न्यूयॉर्कमध्ये तो लोकस्ट नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचा करत. चित्रात त्याच्या तीन जागा दिसतात: पट्ट्यात खोचलेला, हातात झुलवलेला, किंवा डोक्यावर उगारलेला. पट्ट्यातला सोटा आणि पाठमोरा पोलीस म्हणजे काणाडोळा. झुलवणारा पोलीस हद्दीचा दादा. उगारलेल्या सोट्याचा अर्थ मात्र समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून ठरवायचा. समोरचा माकडतोंडा, दारूची बाटली घेतलेला किंवा लाल झेंडेवाला असेल तर चित्रकार सोट्याच्या बाजूने आहे. तो हडकुळा, टोपी हातात घेतलेला किंवा लहान मूल असेल, तर विरुद्ध.

टोपीवरून काळाचा अंदाज येतो. १८६०-७० च्या चित्रांत बसकी टोपी जास्त दिसते, तर १८८० च्या दशकापासून उंच, घुमटासारखी टोपी सर्रास येते. एवढ्यावरून साल ठरवू नये, अंकाची तारीख शोधावी.

शेवटी अक्षरं. त्या काळचे चित्रकार अंगरख्यावर, पिशवीवर, कुत्र्याच्या गळपट्ट्यावरसुद्धा नावं लिहीत. सोट्यावर लिहिलेला शब्द तर चित्राची किल्लीच असतो. चित्राखालची ओळ वाचल्याशिवाय मत बनवू नये. याचं मोठं उदाहरण ट्वीडचंच आहे. १८७३ मध्ये त्याला शिक्षा झाली. पुढे दुसऱ्या दाव्यात तो पुन्हा अडकला आणि डिसेंबर १८७५ मध्ये कोठडीतून निसटून अखेर स्पेनकडे पळाला. तो फरार असताना, १ जुलै १८७६ च्या अंकात नास्टने त्याला कैद्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत काढला, दोन लहान पोरांची मानगूट धरलेला. म्हणजे कैदीच पोलिसाचं काम करतोय, आणि पकडतोय ते भुरट्यांना. टोला होता डेमोक्रॅट पुढारी सॅम्युएल टिल्डनच्या सुधारणेच्या गप्पांना: बडे मोकळे, छोटे आत. स्पेनमधल्या अधिकाऱ्यांनी ट्वीडला ओळखलं ते या चित्रावरून, असं सांगितलं जातं. त्यांना इंग्रजी ओळी कळल्या नाहीत आणि हा पोरं पळवणारा आहे असा त्यांचा समज झाला. चेहरा बरोबर ओळखला, अर्थ साफ चुकला. आजही मथळा कापून फिरवलेल्या व्यंगचित्रांचं हेच होतं.

छापखान्यात काय होई

चित्रं अशी का दिसतात, हे कळायला ती छापायची कशी हे माहीत हवं. ‘हार्पर्स वीकली’चं चित्र लाकडावर कोरलं जाई. बॉक्सवूड नावाचं घट्ट लाकूड आडवं कापून त्याचा गुळगुळीत ठोकळा करत. त्या झाडाचा बुंधा बारीक, म्हणून पानभर चित्रासाठी अनेक तुकडे जोडावे लागत. नास्ट १८८० च्या सुमारापर्यंत पेन्सिलीने थेट ठोकळ्यावर काढायचा, आणि तेही उलटं, आरशातल्यासारखं, कारण छापताना डावं-उजवं फिरतं. मग कोरणारे कारागीर पांढरा राहायचा भाग खरवडून काढत आणि काळी रेघ उंच ठेवत. घाई असली तर तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटत. छापलेल्या पानावर कुठे बारीक पांढरी उभी-आडवी रेघ दिसली, तर ती बहुधा तुकड्यांच्या सांध्याची असते.

पोलिसाची गडद निळी वर्दी अशा छपाईत रेघांच्या दाट जाळीने दाखवत. त्यामुळे गर्दीच्या चित्रात पोलीस हा काळा, भरीव ठिपका होतो आणि जमाव फिकट. कारण छपाईचं आहे, पण चांगला चित्रकार त्याचा फायदा उठवायचा: काळी भिंत एका बाजूला, विस्कळीत फिकट घोळका दुसऱ्या बाजूला. बाजारात ‘हार्पर्स’ची रंगीत व्यंगचित्रं विकायला असतात, त्यांपासून सावध राहायला हवं. ती काळ्या शाईत छापलेली पानं आहेत, रंग नंतर कोणीतरी हाताने भरलेत. पोलिसाचा कोट त्यात निळाऐवजी तपकिरी दिसला, तर त्यातून काहीही अनुमान काढू नये.

मुळातच रंग आले ते ‘पक’ या साप्ताहिकातून. व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ केपलरने न्यूयॉर्कमध्ये १८७६ मध्ये त्याची जर्मन आणि १८७७ मध्ये इंग्रजी आवृत्ती सुरू केली. ‘पक’ची रंगीत चित्रं शिळाछाप होती: चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट जागी धरते. मराठीतल्या जुन्या शिळाछाप पोथ्यांचं तंत्र हेच. रंगासाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागे. दगड नीट जुळले नाहीत की रंग रेघेबाहेर सांडतो. पोलिसाच्या पिवळ्या बटणांवर हे चटकन दिसतं, कारण बटण लहान असतं आणि थोडीशी चूकही त्याला वर्तुळाबाहेर ढकलते. ‘पक’मध्ये मुखपृष्ठ, मधलं जोडपान आणि मागचं पान ही रंगीत चित्रांची ठरलेली ठिकाणं. १८८१ मध्ये ‘पक’मधूनच बाहेर पडलेल्या कलावंतांनी ‘जज’ काढलं, आणि ते लवकरच रिपब्लिकनांच्या बाजूचं झालं. ‘पक’चा कल डेमोक्रॅटांकडे, पण टॅमनीचा त्याला तिटकारा. कुठलंही चित्र हाती आलं की आधी साप्ताहिक कोणतं ते बघावं.

तारखेची एक गोम आहे. अंकावरची तारीख पुढची टाकलेली असे आणि अंक त्याआधीच विक्रीला येई. नास्टने टॅमनीला वाघाचं रूप दिलं; प्रजासत्ताकाला फाडणाऱ्या या टॅमनी वाघाचं प्रसिद्ध चित्र ११ नोव्हेंबर १८७१ च्या अंकात आहे, तर निवडणूक ७ नोव्हेंबरला होती. चित्र निकालानंतरचं नाही, मतदारांच्या हाती मतदानाआधीच पडलेलं आहे. ही गोम माहीत नसली की अभ्यासकही प्रचाराचं चित्र निकालावरचं भाष्य समजून बसतात.

चित्रं बघायची असतील तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ‘पक’ची कितीतरी रंगीत पानं फुकट आणि मोठ्या आकारात आहेत. साल आणि चित्राचं इंग्रजी नाव टाकून शोधावं, आणि मिळेल तिथे संपूर्ण अंक उघडावा. शेजारच्या पानावरचा संपादकीय मजकूर पुष्कळदा चित्राचा उलगडा करतो.

लाल झेंडा आणि घोडेस्वार

कामगारांच्या चळवळीवरची चित्रं वेगळ्या जातीची. सप्टेंबर १८७३ मध्ये जे कुक ही बडी पेढी बुडाली आणि देशभर मंदी आली. १३ जानेवारी १८७४ ला सुमारे ७,००० लोक न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स चौकात जमले. त्यांची मागणी होती सरकारी कामांवर रोजगाराची. सभेची परवानगी ऐनवेळी रद्द झाल्याचं बहुतेकांना माहीतच नव्हतं. पोलीस चौकात घुसले आणि घोडेस्वारांनी लोकांना गल्ल्यांमधून पिटाळून झोडपलं. पुढे अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे अध्यक्ष झालेले सॅम्युएल गॉम्पर्स त्या दिवशी तिथे होते. तळघराच्या पायऱ्यांत उडी मारून त्यांनी आपलं डोकं वाचवलं.

‘फ्रँक लेस्लीज’ या सचित्र साप्ताहिकाने याचं मोठं चित्र छापलं, आणि त्याच्या मथळ्यात न्यूयॉर्कमध्ये लाल झेंडा आल्याची हाकाटी होती. १८७१ चं पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसमध्ये बंड करून उभी राहिलेली कामगारांची राजवट, वाचकांच्या मनात ताजं होतं. रोजगार मागणारे लोक मथळ्याच्या एका ओळीत कम्युनिस्ट दंगेखोर झाले, आणि घोड्यावरचा पोलीस शहर वाचवणारा. चित्रातल्या उगारलेल्या सोट्याचा अर्थ मथळा फिरवतो, तो असा.

४ मे १८८६ ला शिकागोच्या हेमार्केट चौकात कामगारांच्या सभेत बॉम्ब फुटला. १५ मे च्या ‘हार्पर्स वीकली’त थुरे द थुल्स्ट्रुपने त्याचं चित्र काढलं. हे व्यंगचित्र नाही, बातमीचं चित्र आहे. म्हणूनच ते जास्त फसवतं. त्यात गाडीवर उभा राहून वक्ता हात उंचावून भाषण करतोय, त्याच क्षणी बॉम्ब फुटतोय, आणि त्याच क्षणी गोळीबारही चाललाय. प्रत्यक्षात सभा संपत आली होती, पावसाच्या भीतीने बरेच लोक घरी गेले होते. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः सभेत येऊन, शांतता आहे असं बघून परत गेले होते. मग सुमारे १८० पोलीस चालत आले, कॅप्टन वॉर्डने पांगायचा हुकूम दिला, वक्ता सॅम्युएल फील्डेन खाली उतरायला लागला, आणि मग बॉम्ब पडला. गोळीबार त्यानंतर. सात पोलीस मेले आणि किमान चार नागरिक, आणि अंधारातल्या गोळीबारात कित्येक पोलीस आपल्याच लोकांच्या गोळ्यांनी जखमी झाले. चित्राने हे सारे क्षण एकावर एक ठेवले. ते बघणाऱ्याला वाटतं की भाषणाने बॉम्ब फोडला. खटल्यात सरकारचं म्हणणं जवळपास हेच होतं, आणि ११ नोव्हेंबर १८८७ ला चळवळीतल्या चौघांना फाशी झाली. बॉम्ब कोणी टाकला ते सिद्ध झालेलं नव्हतं. एका चित्राने फाशी दिली असं कोणी म्हणणार नाही. पण असं चित्र देशभर घरोघर गेलं होतं, आणि चळवळवाल्यांची बाजू त्या घरांत तशी पोचलीच नव्हती.

१८८९ मध्ये त्या चौकात हात उंचावलेल्या पोलिसाचा पुतळा बसला. वीर पोलिसाची प्रतिमा कागदावरून धातूत आली.

हप्ते, आणि दात

न्यूयॉर्कमध्ये याच सुमाराला प्रतिमा उलट दिशेने चालली होती. ‘पक’मध्ये फ्रेडरिक ऑपरसारख्या चित्रकारांनी आयरिश माणसाचा एक ठरीव चेहरा रुळवला: लांब वरचा ओठ, नकटं नाक, गालमिश्या. तोच चेहरा पोलिसाच्या टोपीखाली आला. १८६७ मध्ये जो माकडतोंडा पोलिसाला मारत होता, तोच आता वर्दी घालून फळवाल्याच्या गाडीवरचं सफरचंद उचलत होता.

त्याला पुरावा मिळाला १८९४ मध्ये. रेव्हरंड चार्ल्स पार्कहर्स्टने दोन वर्षं आधीच व्यासपीठावरून पोलिसांवर तोफ डागली होती. राज्याच्या सिनेटने क्लॅरेन्स लेक्सोच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. साक्षी दहा हजारांवर पानं भरल्या. साध्या शिपायाच्या नोकरीसाठी ३०० डॉलर मोजावे लागत, आणि टिमथी क्रीडन या कॅप्टनने आपण त्या पदासाठी १५,००० डॉलर भरल्याची कबुली दिली. हे पैसे वसूल व्हायचे दारूचे गुत्ते, जुगारअड्डे आणि वेश्यागृहांच्या हप्त्यांतून. ‘क्लबर’ म्हणून ओळखला जाणारा इन्स्पेक्टर अलेक्झांडर विल्यम्स याला त्याच्या संपत्तीबद्दल विचारलं, तेव्हा त्याने जपानमधल्या जमिनींकडे बोट दाखवलं. चित्रकारांना आता अतिशयोक्ती करायची गरजच उरली नव्हती. पण इथेही मालकीचा प्रश्न विसरू नये. चौकशी करणारं विधिमंडळ रिपब्लिकन होतं, पोलीस टॅमनीचे होते, आणि त्या नोव्हेंबरात महापौराची निवडणूक होती. आरोप खरे होते, आणि वेळही सोयीची होती.

टॅमनी हरली. मे १८९५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट पोलीस मंडळाचा अध्यक्ष झाला. व्यंगचित्रकारांना असा मनाजोगता माणूस क्वचितच मिळाला असेल: चकचकीत दात आणि नाकावर चिमटा घातलेला चष्मा. एवढं काढलं की चेहऱ्याची गरज नसे. रात्री गस्त घालून तो झोपलेले शिपाई पकडायचा, याची चित्रं लोकांना आवडली. त्याने रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवण्याचा कायदा कडकपणे राबवला, तेव्हा मात्र वारं फिरलं. कामगारांची सुट्टी एकच, रविवार. जर्मन कुटुंबांना त्या दिवशी बिअरच्या बागेत बसायची सवय. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मन मतं मोठ्या संख्येने टॅमनीकडे गेली. प्रामाणिक पोलीसही चित्रात खलनायक होऊ शकतो, कारण तो गरिबाच्या पेल्यावर हात ठेवतो आणि श्रीमंताच्या क्लबात शिरत नाही. तक्रार नास्टच्या ‘घाऊक आणि किरकोळ’चीच, फक्त चोरीच्या जागी बिअर आली.

१८९७ मध्ये टॅमनी पुन्हा निवडून आली. ऑगस्ट १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या टेंडरलॉइन भागात साध्या वेशातला एक पोलीस एका काळ्या माणसाशी झालेल्या झटापटीत मेला. १५ ऑगस्टच्या रात्री गोऱ्या जमावाने दिसेल त्या काळ्या माणसाला मारलं, आणि पोलिसांनी वाचवायच्या ऐवजी त्यात हात धुऊन घेतले. मार खाल्लेल्यांच्या शपथेवरच्या जबान्या गोळा झाल्या, छापल्याही गेल्या, तरी पोलीस मंडळाने आपल्या लोकांना निर्दोष ठरवलं. त्या वेळच्या एका व्यंगचित्रात टॅमनीच्या वाघाला पोलिसाची वर्दी चढवलेली आहे, पंजात सोटा, आणि मथळा सांगतो की हा आता पोलिसात आहे. नास्टने १८७१ मध्ये वाघ आणि पोलीस वेगवेगळे काढले होते. या चित्रकाराने ते एक करून टाकले. मार खाणाऱ्या काळ्या माणसाला इतक्या स्पष्टपणे बळी म्हणून दाखवणारी पोलिसांवरची चित्रं या सबंध काळात फारच थोडी आहेत, म्हणून हे जपून ठेवण्यासारखं आहे.

त्याच वर्षी ऑपरने वृत्तपत्रमालक हर्स्टच्या वृत्तपत्रांत ‘हॅपी हूलिगन’ ही चित्रमालिका सुरू केली. डोक्यावर डबा घातलेला एक भाबडा भटक्या कोणाचं तरी भलं करायला जातो आणि शेवटी पोलिसाचा मार खातो किंवा कोठडीत जातो. राजकीय व्यंगचित्रातला सोटा इथून पुढे विनोदी चित्रपट्ट्यांत गेला आणि तिथेच रमला.

राजकीय चित्रातल्या पोलिसाला मात्र अजून एक बढती मिळायची होती. ६ डिसेंबर १९०४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशात म्हटलं की पश्चिम गोलार्धात बेबंदशाही माजली तर अमेरिकेला आंतरराष्ट्रीय पोलिसाचं काम करावं लागेल. सहा आठवड्यांच्या आत, १४ जानेवारी १९०५ च्या ‘जज’मध्ये, लुई डॅलरिंपलने त्याला जगाचा पोलीस करून टाकलं: गणवेश, दात, चष्मा, सगळं दहा वर्षांपूर्वीचंच. सोट्यावर शब्द आहेत ‘नवी मुत्सद्देगिरी’. पोलीस अवाढव्य आहे आणि भोवतीचे देश छोटे. ‘जज’ रिपब्लिकन, रूझवेल्टही रिपब्लिकन, आणि सोटा या वेळी परक्यांवर उगारलेला होता. एवढ्या मोठ्या पोलिसाचं भय कोणी बाळगावं असं त्या साप्ताहिकाला वाटलं नाही.